रीडबॅक की जमिनीवरचं रडार?

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यातले गैरसमज टाळायचे हे दोन उपाय. रडार म्हणजे विमानतळावर कुठलं विमान कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. रीडबॅक म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं. फुकटातलं काम, आणि नुसत्या 'रॉजर'पेक्षा कितीतरी बरं. 'रॉजर' म्हणजे ऐकलं. काय ऐकलं ते देव जाणे! 'होल्ड शॉर्ट, रनवे टू सेव्हन' (धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबतो) असं परत म्हटलं की चूक तिथल्या तिथे सापडते.

पण ऐकलं बरोबर आणि वळण चुकलं तर?

८ ऑक्टोबर २००१, मिलानचा लिनाते विमानतळ, दाट धुकं. छोट्या सेसना जेटला आर-५ टॅक्सीवे (विमानं जमिनीवरून नेण्याचा रस्ता) दिला होता. वैमानिकाने 'रोमिओ फाइव्ह' (रेडिओच्या भाषेत आर-५) परत म्हटलंही, आणि गेला आर-६ वर. वाटेत त्याने 'सिएरा फोर' (एस-४) ही जमिनीवरची खूण कळवली. ती कंट्रोलरला ठाऊकच नव्हती. सेसना थेट धावपट्टीवर आली, उड्डाण घेणारं एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीचं एमडी-८७ प्रवासी विमान तिच्यावर आदळलं. ११८ जण गेले. जमिनीवरचं रडार तेव्हा चालू नव्हतं.

म्हणून धुक्यात माझं मत रडारला. अर्थात पडद्याकडे कुणी बघत असेल तरच. लहान विमानतळांना ते परवडत नाही, तिथे रीडबॅकच.