बीडमधलं सायलेन्सरवालं गॅरेज: काम एक नंबर, टाइमचं बोलू नका

मांजरसुंब्याचा घाट चढताना माझ्या गाडीच्या केबिनात धूर यायचा, डोळे चुरचुरायचे अन् डोकं गच्च. आधीच्या गॅरेजवाल्यानं नुसता सायलेन्सर बदलून पैसे घेतले, त्रास तसाच. इथल्या मिस्त्रीनं थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डपाशी (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा पाइप) हात फिरवला, तिथल्या जोडातल्या गॅस्केटच्या (धूर अडवणारी पट्टी) कडेची काजळी दाखवली, जोड आवळणारा एक स्टड (बोल्ट) पण तुटलेला निघाला. दोन्ही नवे टाकले अन् गिअर लिव्हरखालचं फाटलेलं रबर पण बदललं कारण धूर वर यायला तीच वाट होती. वास गेला म्हणून निवांत राहू नका म्हणे, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो, डोकं दुखलं तर गाडी बाजूला घेऊन खाली उतरा. खरंय. बाकी दुपारी देतो म्हणलेली गाडी रात्री मिळाली, बसायला साधी खुर्ची नाही. चहा मात्र पाजतेत.