₹199ची असाई पावडर मला ₹10,197ला पडली

‘फ्री ट्रायल, फक्त डिलिव्हरीचे पैसे द्या’ हा खेळ कसा चालतो, ते सांगत बसत नाही. सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. तरी पैसे गेले: आधी ₹199, मग ₹4,999, पुढच्या महिन्यात परत ₹4,999.

जाहिरात असाई बेरीची. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं सुपरफूड, घेर उतरतो, शुगर नॉर्मल होते, शिवाय पांढऱ्या कोटातला कुणीतरी डॉक्टर. सासूबाईंची शुगर वर-खाली होत होती म्हणून मागवली, माझ्या हौसेपायी नाही. आणि फळ काही खोटं नाही हो! ब्राझीलच्या पारा राज्यात माडासारख्या उंच झाडाला लागतं, तिथले लोक त्याचा दाट गर मासे आणि कसाव्याच्या पिठाबरोबर रोजच्या जेवणात खातात. तंतू भरपूर, अँथोसायनिन (जांभळा रंग देणारं द्रव्य) भरपूर. पण शुगर, वजन? 2011 मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, असाईने वजन उतरतं अशा बनावट बातम्यांची पानं चालवणाऱ्या 10 टोळ्यांना कोर्टात खेचलं होतं. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

खरी चीड येते ती त्या स्क्रीनची. वर मोठ्ठं ₹199. खाली बारीक अक्षरांत ‘ऑटोपे, दरमहा, ₹5,000 पर्यंत’, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी. मी ते वाचलं होतं! वाटलं, ॲपची नेहमीची मर्यादा असेल. शेजारी ‘ऑफर संपायला 4 मिनिटं’ म्हणत घड्याळ उलटं धावत होतं, कुकरची शिट्टी होत होती. टाकला पिन. पैसे कापण्याआधी मेसेजही आला असणार, पण कर्ज घ्या, रिचार्ज करा या ढिगाऱ्यात तो कुणाला दिसतो? यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते. आत्ता उघडा, नको ते रद्द करा. मग पुढचं वाचा.

पावडर पाण्यात साखरेसारखी विरघळली, चवीला गोड. अस्सल असाईच्या पावडरीत साखर जवळपास नसते आणि तिचा तिसरा हिस्सा चरबी असते, त्यामुळे ती थोडी तेलकट लागते, तळाशी गाळ राहतो. पाकीट उलटं करून चष्मा लावून वाचलं: माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, खाद्यरंग, असाई फ्लेवर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे पहिलंच जे, तेच जास्त. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, तिने तर शुगर चढते, आणि ते मी सासूबाईंना रोज सकाळी उपाशीपोटी देत होते! चिमूटभर खायचा सोडा टाकून बघितला. खऱ्या फळाचा जांभळा रंग सोड्याने निळा-हिरवा व्हायला हवा. हा ढिम्म. पाकिटावरचा अन्न परवाना (FSSAI) क्रमांक मोजला तर 13 आकडी; असायला हवा 14.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, पार्सल आलं ना? मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. ऑनलाइन तक्रार केली तर ‘विक्रेत्याचा पत्ता अपुरा’ म्हणून बंद. अहो, पत्ता खरा असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954च्या कायद्याने बंदी आहे, हे मी तक्रार घेणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लेखी द्या. लेखी दिलं. पोच मिळाली. जाहिरात अजून चालू आहे, कालच नवऱ्याच्या फोनवर आली, तोच डॉक्टर, आता दाढी ठेवलीये.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करा, बँकेच्या रांगेत नंतर उभे राहा. ‘ताजी असाई’ म्हणून कुणी घरपोच देत असेल तर हाकलून द्या. तोडल्यावर ते फळ फार टिकत नाही, म्हणून बाहेर जातं ते गोठवून किंवा वाळवून.

आणि आता एका ‘रिफंड विभागा’चे फोन येतायत. माझी रक्कम रुपयानिशी पाठ आहे त्यांना. ₹850 प्रोसेसिंग फी भरा म्हणे, संध्याकाळपर्यंत सगळे परत. तुमची रक्कम बिनचूक सांगणारा माणूस त्याच टोळीतला समजा आणि फोन ठेवा.