सूर्यनमस्कार, दुधाचं कॅलेंडर आणि खाडे: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

४ फेब्रुवारी २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२५. दिवस २७०, खाडे ४१. म्हणजे २२९ दिवस मी सूर्यनमस्कार घातले, बहुतेक दिवशी १२. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षापर्यंत एकही व्यायाम तीन महिन्यांच्या वर टिकला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

याआधी मोबाईलवर सवयींचं एक अ‍ॅप वापरत होते. रोज केलं की आकडा एकाने वाढायचा. ३९व्या दिवशी मुलाला ताप आला, रात्रभर जागरण झालं आणि व्यायाम राहिला. सकाळी उघडलं तर आकडा शून्य. ३८ दिवसांची मेहनत पुसली गेल्यासारखं वाटलं. मग चार महिने मी सतरंजी काढलीच नाही.

रथसप्तमीला सासूबाई गॅलरीत बोळक्यात दूध उतू घालतात. त्यांचे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी तिथल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते, त्यामुळे त्यांच्या माहेरी रथसप्तमी म्हणजे नमस्कारांचा दिवस. यंदा त्या म्हणाल्या, "आजपासून घाल." मी अ‍ॅपचं सगळं सांगितलं. त्यांनी फ्रीजशेजारच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "अगं, आलेलं दूध कशाला लिहायचं? ते येणारच आहे. न आलेलं लिहायचं."

त्या कॅलेंडरच्या चौकटीत, तिथी-नक्षत्राच्या गर्दीतून उरलेल्या जागेत त्यांचा बारीक 'खा' असतो. दूधवाल्याचा खाडा. बाकी चौकटी कोऱ्या, कारण दूध आलं. सुतळीने बांधलेलं बॉलपेन तिथेच लटकतं. मी लाल पेन आणलं आणि माझाही 'खा' त्याच चौकटीत लिहायला लागले. केलेल्या दिवसाची खूण नाही, फक्त खाडा. ज्याने मला तारलं ते हेच. खाडा पडला म्हणून कोणी दूध बंद करत नाही. महिनाअखेर हिशोब होतो आणि दुसऱ्या दिवशी पिशवी दारात असते.

दुसरी गोष्ट कुकरची. आधी मी 'सकाळी सहाला' असं ठरवायचे आणि ते कधीच जमायचं नाही. आता डब्यासाठी कुकर लावला, शिटी बसवली की लगेच स्वयंपाकघराच्या दारातच सतरंजी अंथरते. चौथी शिटी होईपर्यंत माझे बारा होतात, मित्राय नमःपासून भास्कराय नमःपर्यंत. नावं म्हटली की मोजावं लागत नाही. घाईच्या दिवशी तीनच घालते, पण घालते, आणि तो खाडा धरत नाही.

खाडे लिहिल्यामुळे एक गोष्ट उघडी पडली, जी खुणा करून कधी कळली नसती. जूनअखेर २४ खाडे होते, त्यातले १५ रविवारचे. मी रविवारी आळस करते असं धरून चालले होते. खरं कारण हे की रविवारी डबा नाही, कुकर लागतो अकरा वाजता, तोवर खाणं झालेलं असतं. कुकर हलला की नमस्कारही हलले. जुलैपासून रविवारी दूध तापवून झाकलं की सतरंजी, असं केलं. तेव्हापासून चार महिन्यांत रविवारचे खाडे फक्त दोन. उरलेल्या पंधरापैकी आठ तापाचे, पाच गणपतीत गावी गेल्याचे आणि दोन निव्वळ कंटाळ्याचे.

२१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा व्यायामाशी संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१०मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब आला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला स्वतःला मे उजाडला. एका सकाळी शिटी बसवून मी फोनवर बहिणीशी बोलत होते आणि बोलता बोलता पायाने सतरंजी उलगडत होते. तेव्हा कळलं, आता लागली.

त्रासही सांगायला हवा. एप्रिलमध्ये उजवं मनगट दुखायला लागलं. मी तळवे खांद्यांच्या पुढे टेकत होते, ते खाली घेतले आणि दहा दिवस सहाच घातले, मग थांबलं. पावसाळ्यात फरशीला ओल येते आणि सतरंजी सरकते, म्हणून रबरी मॅट घेतली. वजन जेमतेम दीड किलो कमी झालं. पण फेब्रुवारीत वाकल्यावर बोटं घोट्यापाशी अडायची, आता तळवे पूर्ण टेकतात आणि लोकलचा पूल चढताना मधे थांबावं लागत नाही.

याच पद्धतीने रात्री रोजनिशी लिहायचाही प्रयत्न केला. तो फसला, दोन महिन्यांत ३४ खाडे. रात्री माझ्या घरात कुकरसारखं रोज ठरल्या वेळी होणारं काहीच नाही, कधी दहा वाजतात, कधी बारा. वही आता डब्याच्या पिशवीत ठेवली आहे, ऑफिसात डबा उघडण्याआधी चार ओळी लिहून बघते आहे.

ऑक्टोबरच्या पानावर दुधाचे दोन 'खा', माझे तीन. पंधरा तारखेच्या चौकटीत निळ्या पेनाने आणखी एक बारीक अक्षर आहे, 'फे'. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या फेरीचा खाडा. गुडघा दुखत होता."