जुन्या मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन : शेल्बी ड्रॉप की मस्टँग टू किट?

फोर्डची १९६५-६६ ची मस्टँग सरळ रस्त्यावर झकास पळते, पण वेगात वळवली की बाहेरच्या चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो आणि गाडी वळायच्या ऐवजी नाकासमोर सरकत राहते. यावर दोन उपाय प्रचलित आहेत.

पहिला शेल्बी ड्रॉप. वरचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, ज्या भोकांत बसतो ती सुमारे एक इंच खाली नव्यानं पाडायची, बस्स. टेम्प्लेट आणि ड्रिल मशीन पुरतं. सस्पेन्शन दाबलं गेलं की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, त्यामुळे वळणात टायर रस्त्याला जास्त नीट टेकतो. १९६५ च्या जीटी३५० मध्ये, म्हणजे शेल्बीनं मस्टँगवर बनवलेल्या वेगवान गाडीत, कारखान्यातूनच हे काम होऊन यायचं; १९६६ मध्ये मात्र खर्च वाचवायला ते मध्येच बंद झालं. जोडीला कडक स्प्रिंग, चांगले शॉक आणि जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) हवाच.

दुसरा मार्ग म्हणजे १९७४ च्या मस्टँग टूवर आधारलेलं किट. रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि चाकाचं, जास्त नेमकं) स्टीअरिंग मिळतं, शॉक टॉवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, स्प्रिंग-शॉक धरणारे उंच पत्र्याचे भाग) कापल्यानं मोठं इंजिनही आरामात बसतं. पण मूळ रचनेत स्प्रिंगचा भार तेच टॉवर पेलतात. ते गेले की भार खालच्या रेल्सवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लांब तुळयांवर येतो. तिथं मजबुती नसेल तर गाडी रेसिंग ट्रॅकवर नेऊच नये. शिवाय कापलेलं परत जोडणं महागात पडतं.

मोठं इंजिन बसवायचं असेल तरच किटकडे वळा. ट्रॅकसाठी मी ड्रॉपच निवडेन.