सेंट मायकल्स माउंट: ओहोटीच्या वाटेने माथ्यापर्यंत

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील मॅराझायन या गावासमोर, किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर सेंट मायकल्स माउंट हे खडकाळ बेट आहे. भरतीच्या वेळी ते चारी बाजूंनी पाण्यात असते आणि ओहोटीला ग्रॅनाइटची फरसबंद वाट उघडी पडून ते गावाला जोडले जाते. भरतीच्या वेळी हंगामात होड्याही चालतात. तरीही पाय चालत असतील आणि समुद्र परवानगी देत असेल, तर येथे चालतच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. होडीतून उतरणाऱ्याला किल्ला दिसतो. चालत जाणाऱ्याला बेट म्हणजे काय ते समजते.

मात्र त्यासाठी वेळापत्रक समुद्राचे पाळावे लागते. दिवसात दोनदा ओहोटी लागते, पण घड्याळाच्या त्याच वेळी नव्हे. प्रत्येक दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वाट एका ओहोटीत ढोबळमानाने चार तास मोकळी मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक खाली जाते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ते तितके ओसरत नाही आणि वारा किनाऱ्याकडे जोराचा असेल तर हिशेब आणखी बिघडतो. आम्ही उतरलो होतो त्या निवासस्थानी दारामागे वेळांचा एक कागद लावलेला होता. तो आदल्या दिवसाचा होता, हे किनाऱ्यावर पोहोचल्यावर कळले, कारण वाट अजून पाण्याखालीच होती. म्हणून बेटाच्या अधिकृत संकेतस्थळावरील वेळ त्याच दिवशी पाहावी आणि हंगामात किल्ल्याचे तिकीटही आधीच काढून ठेवावे.

ती पाऊण-एक तासाची प्रतीक्षा मात्र वाया गेली नाही. आधी पाण्याच्या रंगात एक फिकट पट्टा दिसू लागला, मग त्या पट्ट्यावर लाटा दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध एकमेकींवर आपटू लागल्या आणि मग एकेक दगड पाठ वर काढू लागला. दगडांच्या सांध्यांतून पाणी बारीक आवाज करीत निथळत होते आणि कडेच्या खडकांवरचे तपकिरी शेवाळ, जे क्षणापूर्वी पाण्यात उभे डोलत होते, ते ओल्या केसांसारखे आडवे पडले. वाट पूर्ण उघडल्यावर चालायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत, परंतु दगड घासून गुळगुळीत झालेले आहेत. माझ्या नव्या बुटांचे कडक तळवे दोनदा सटकले; मऊ रबरी तळव्याचे, जुने, पायाला सरावलेले बूट घालावेत.

बेटावर पाऊल ठेवल्यावर बंदर आणि घरांची छोटी रांग लागते. धक्क्यावर, 1846 साली राणी व्हिक्टोरिया येथे उतरली त्याची खूण म्हणून, तिच्या पावलाचा धातूचा ठसा बसवलेला आहे. खरी चढण त्यानंतर सुरू होते. यात्रेकरूंची म्हणून ओळखली जाणारी ही वाट झाडांखालून वर जाते आणि तिच्यावरचे दगड इतके उंचसखल आहेत की नजर सतत पायाखालीच ठेवावी लागते. अर्ध्या वाटेवर राक्षसाची विहीर आहे. बेटावर कॉर्मोरन नावाचा राक्षस राहत असे आणि जॅक नावाच्या मुलाने त्याला मारले, ही येथील लोककथा. वाटेतच बसवलेला हृदयाच्या आकाराचा एक काळा दगड त्याचे हृदय म्हणून दाखवतात. माझी आई गुडघेदुखीमुळे विहिरीपाशी बराच वेळ बसली आणि मग सावकाश वर आली. उंची डोंगराच्या मानाने काहीच नाही, पण ज्यांना पायऱ्या जड जातात त्यांनी या वाटेला कमी लेखू नये, विशेषतः उतरताना.

माथ्यावर किल्ला आणि त्याला लागूनच जुने चर्च आहे. अकराव्या शतकात हे बेट फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील मों-सें-मिशेल बेटावरच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठाच्या हाती आले. दोन्ही ठिकाणी भरतीच्या पाण्यातला खडक आणि त्यावर मायकल या देवदूताचे देऊळ, हे साम्य पाहता ती निवड सहज पटते. सतराव्या शतकापासून येथे सेंट ऑबिन कुटुंब राहत आले आहे आणि 1954 साली बेटाचा बराचसा भाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देताना त्यांनी किल्ल्यात राहण्याचा हक्क 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून ठेवला. आतील दालनांपैकी मठाच्या काळातील भोजनगृह, त्याच्या भिंतींवरील शिकारीच्या प्रसंगांच्या चुन्याच्या पट्टीसाठी, अवश्य पाहावे. इतर खोल्या अरुंद आहेत आणि मी त्यांतून लवकर बाहेर पडले.

मला वेळ द्यावासा वाटला तो गच्चीवर. पश्चिमेला, उपसागराच्या पलीकडच्या काठावर न्यूलिनचे बंदर दिसते. तेथील धक्क्यावर 1915 ते 1921 या काळात समुद्राची पातळी सतत नोंदवून तिची सरासरी काढण्यात आली, ती शून्य धरण्यात आली आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील उंची आजही त्या शून्यापासूनच मोजतात. मी उभी होते त्या माथ्याची उंचीही त्याच शून्यावरून ठरलेली आणि माझी परतीची वाटही त्याच पाण्याच्या हाती, हे लक्षात आल्यावर मी कठड्यापाशी पुन्हा जाऊन खाली पाहिले. वाट रुंद, कोरडी आणि माणसांनी भरलेली होती.

उतरणीला चढणीइतकाच वेळ धरावा आणि वाट बंद होण्याच्या निदान अर्धा तास आधी बंदरापाशी यावे. आम्ही मॅराझायनला पोहोचून मागे वळलो तेव्हा मधल्या सखल भागातील दगडांवर पहिले पाणी चढत होते आणि पलीकडच्या धक्क्यावर पहिल्या होडीत माणसे बसू लागली होती.