इंग्लंडात सायकल टूर: कालव्याकाठची वाट घ्यायची की खेड्यांमधले छोटे रस्ते?

रेडिंग, स्लाव, स्विंडनकडे आपली बरीच मंडळी आहेत, आणि त्यातल्या कुणी सायकल घेतली, चार वीकेंड पार्कात फिरवली, की पुढचा प्रश्न ठरलेला, आता तीन-चार दिवसांची टूर करायचीय तर कुठे जाऊ? नावं फिरून फिरून दोनच येतात. एक केनेट अँड एव्हन कालवा, रेडिंग ते बाथ. दुसरं कॉट्सवोल्ड्स, म्हणजे मोर्टन-इन-मार्श, बोर्टन, बर्फर्ड हा टेकड्यांचा पट्टा. दोन्ही रेडिंगहून ट्रेनने जवळ, दोन्ही सुंदर, त्यामुळे फोटो बघून ठरवायला बसलात तर काही ठरणार नाही.

त्यात सगळे एकच सांगतात, कालवा सपाट म्हणून सोपा आणि कॉट्सवोल्ड्स चढाचं म्हणून अवघड. हे अर्धंच खरंय.

आधी कालवा. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत पूर्ण जलमार्ग 87 मैल, 1810 मध्ये पूर्ण झाला, मग रेल्वे आली आणि धंदा गेला, विसाव्या शतकात मधले भाग बंदच पडले होते आणि हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून तो दुरुस्त केला, 1990 मध्ये राणीच्या हस्ते परत सुरू झाला. आपण सायकल चालवतो ती वाट म्हणजे टोपाथ, पूर्वी घोडे त्यावरून चालत बोटी ओढायचे. जुन्या पुलाखाली जरा थांबून कोपरा बघा, दोर घासून घासून पडलेल्या खाचा दिसतात, बोट घालता येईल एवढ्या खोल. तसंही तिथे थांबावंच लागतं, कारण पुलाखाली वाट निम्मी होते, डोकं वाकवावं लागतं आणि पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही, त्यामुळे घंटी वाजवायची आणि हळू जायचं.

इथेच खरी मेख आहे. टोपाथवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. कुत्रेवाले, मुलंवाले, वाटेवर आडवी लांबच लांब गळाची काठी टाकून मासे धरत बसलेले, बोटीतून उतरून दोर बांधणारे, सगळ्यांसाठी ब्रेक दाबायचा. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वेग पडला तरी बरा म्हणायचा. पाय दुखत नाहीत पण दिवस संपतो आणि अंतर कटत नाही, आणि सामानाच्या पिशव्या लावलेल्या असतील तर मधली चिंचोळी फाटकं वेगळी, तिथे पिशव्या काढून सायकल उभी करून पलीकडे न्यायची वेळ येते.

शिवाय वाट सगळीकडे सारखी नाही. बाथ ते डिव्हायझेस हा साधारण 35 किलोमीटरचा भाग मस्त आहे, रुंद, खडी दाबलेली, आणि बाथ सोडल्यावर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत एकही लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद, नाही त्यामुळे अगदी सपाट. मध्ये डंडास आणि एव्हनक्लिफ असे दोन दगडी जलसेतू लागतात, म्हणजे खाली नदी वाहतेय आणि वरून कालवा नदी ओलांडतोय आणि कडेने तुम्ही. डिव्हायझेसजवळ केन हिलचे लॉक, एकूण 29, त्यातले 16 एका सरळ रेषेत टेकडीवर पायऱ्यांसारखे. बोटवाल्याचे तिथे पाच-सहा तास जातात, आपण पंधरा मिनिटांत वर.

पण डिव्हायझेसच्या पूर्वेला, प्यूसीच्या बाजूला, बऱ्याच ठिकाणी वाट म्हणजे गवतातली एक चाकोरी. पाऊस झाला की चिखल, जुलैत खाजकुयलीची आठवण यावी अशी नेटलची झुडपं दोन्ही बाजूंनी पायाला लागतात. राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक 4 सुद्धा रेडिंगकडून न्यूबरीच्या थोडं पुढे येईपर्यंतच बहुतेक कालव्याला धरून चालतो, मग गावरस्त्यांवर जातो आणि डिव्हायझेसला परत कालव्यावर येतो. तेव्हा कालव्याची टूर करायची म्हणालात तरी मधला टप्पा रस्त्यावरूनच करा, मार्ग आखणाऱ्यांनीही तेच केलंय.

कालव्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र रेल्वे. रेडिंग ते बेडविनपर्यंत रेल्वे जवळजवळ सोबतच चालते, थॅचम, न्यूबरी, किंटबरी, हंगरफर्ड अशी स्टेशनं, आणि बाथकडेही फ्रेशफर्ड, एव्हनक्लिफ, ब्रॅडफर्ड. पाऊस आला, मूल कंटाळलं, चाक पंक्चर झालं, की घरी जाता येतं. फक्त डिव्हायझेसला स्टेशन नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर संध्याकाळी तिथे पोचून ट्रेन शोधत बसाल.

आता कॉट्सवोल्ड्स. चढ आहेत, खोटं कशाला बोलू. पण कुठून चढता यावर सगळं आहे. पश्चिमेची बाजू, ब्रॉडवे आणि विंचकमकडची, म्हणजे कडाच आहे, तिकडून सामान घेऊन चढायला जाऊ नका. पूर्वेकडे उतार सावकाश आहे, त्यामुळे किंगम किंवा मोर्टन-इन-मार्शला ट्रेनमधून उतरलात आणि नदीची खोरी धरून राहिलात, विंड्रशचं वगैरे, तर बरंच निभतं. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना मात्र दम निघतो, खाली उतरा, पूल, परत वर, असं दिवसभर. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याच्या, नकाशावर रस्त्यावर बाण छापलेले असतात, एक बाण म्हणजे 14 टक्क्यांच्या वरचा चढ, दोन बाण म्हणजे 20 च्या वर. दोन बाणवाला रस्ता मी सरळ टाळतो.

पण रस्ता डांबरी आहे, आणि वाट तुमची आहे. चढून-उतरूनही कालव्यापेक्षा जास्त अंतर आरामात होतं, आणि नॉन्टन, गायटिंग पॉवर, स्नोजहिल अशा गावांमधून जाताना दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेल्या भिंती, मध्ये मेंढरं, बराच वेळ गाडीसुद्धा येत नाही. बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर दुपारी बघायला जाऊ नका, टूरच्या बसेस आणि आइस्क्रीमच्या रांगा, सकाळी आठच्या आत जाऊन या.

भीती एकच, गाड्या. एकाच गाडीपुरता रस्ता असला तरी बोर्ड नसेल तिथे कायद्याने साठ मैल वेग चालतो, आणि डिलिव्हरी व्हॅनवाले वळणावर घाईत असतात. वळणावर अगदी कडेला चिकटू नका, जरा रस्त्याच्या मध्याकडे राहा म्हणजे लांबून दिसाल. ए429 हा रोमन काळातला सरळसोट रस्ता नकाशावर मोहात पाडतो, त्यावर सायकल घालू नका. आणि फुटपाथ, म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, असा हिरवा बोर्ड शेतात दिसला तर तिथे सायकल चालत नाही, ब्रायडलवे, म्हणजे घोडेस्वारांचीही वाट, असेल तर चालते.

तर ज्याच्या घरात आठ-दहा वर्षांचं पोर आहे किंवा ज्याला ट्रॅफिकची धास्ती आहे त्याने बाथ-डिव्हायझेस करावं, दोन दिवसांत, रमतगमत, ब्रॅडफर्डला मुक्काम. सायकल नसेल तर ब्रॅडफर्डला कालव्याकाठीच भाड्याने मिळते. बाकी ज्याला रोज पन्नास किलोमीटर चालवायची सवय आहे त्याने कॉट्सवोल्ड्सच करावं, कालव्यावर तो वैतागेल. गिअर हलके हवेत एवढंच, टायर 32 मिलिमीटरचे दोन्हीकडे चालतात.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच, खेड्यातल्या पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी उघडतं, तेव्हा पिशवीत चिवडा-लाडू असू द्या. रूम कॉट्सवोल्ड्समध्ये महाग, आणि शनिवारी एका रात्रीसाठी बरेच जण देत नाहीत, म्हणून सोमवार ते गुरुवार रजा टाका.

आणि कुठलंही ठरवा, लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलच्या जागा मोजक्या असतात, तिकिटासोबतच ती बुक करा. कालवा करणार असाल तर जाताना ट्रेनने बाथ गाठा आणि तिथून रेडिंगच्या दिशेने चालवत या, वारा इकडे बहुतेक नैर्ऋत्येकडून असतो, पाठीवर येतो.