विमानाचं अंतर सांगणारं ॲप: सात महिन्यांचा अनुभव, आणि जाण्या-येण्याच्या वेळेचा घोळ

जूनच्या पहिल्या आठवड्यात लेक लंडनला गेली, त्या दिवसापासून हे ॲप वापरतेय. मुंबई–लंडन टाकलं की 7,200 किलोमीटर, 8 तास 34 मिनिटं. मी त्या आकड्यावर विसंबले. साडेआठ तास झाले, नऊ झाले, फोन नाही. ह्यांनी दोनदा झोपायला सांगितलं, पण झोप कुठली! सिद्धरामेश्वराला नारळ बोलले. दहा तास उलटून गेल्यावर मेसेज आला, "आई, उतरले." त्याच रात्री चिडून एक तारा दिला.

पुढं पुतण्याच्या पृथ्वीगोलावर पडताळा घेतला. कारखान्यातल्या टॉवेलच्या सुताचा धागा मुंबईवर धरला, लंडनपर्यंत ताणला. गोलाचा घेर 64 सेंटीमीटर, पृथ्वीचा 40,000 किलोमीटर. धागा भरला साडेअकरा सेंटीमीटर. हिशेब केला तर 7,200 च्या आसपासच! म्हणजे अंतर चोख आहे, तिथं माझीच तक्रार चुकीची होती. धागा मात्र बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन असा गेला. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद, युक्रेनचं आकाश 2022 पासून बंद. विमानाला वळसा घालावाच लागतो.

आणि वेळ? 7,200 ला ताशी 840 किलोमीटर या एकाच वेगानं भागून बघा, तेच 8 तास 34 मिनिटं येतात. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. अहो, वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. डिसेंबरात लेक आली तेव्हा पावणेनऊ तासांत उतरली. एवढा तासाभराहून जास्त फरक ॲपला दाखवता येत नाही, हे मला पटत नाही. घरी वाट बघणाऱ्याला किलोमीटरशी काय करायचंय? त्याला वेळच हवी असते.

घड्याळाच्या बाबतीत मात्र शाबासकी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं मागं गेली आणि साडेचार तासांचा फरक आपोआप साडेपाच झाला. माझा फोन भलत्या वेळी जायचा वाचला.

सोलापूर–लंडन टाकू नका. सुमारे 7,500 किलोमीटरची सरळ रेघ दाखवतं, जणू आमच्या होटगी रोडच्या विमानतळावरूनच लंडनचं विमान सुटतंय. मुंबईपर्यंत वंदे भारतचे साडेसहा तास आणि विमानतळावरचे तीन तास आपले आपण मिळवायचे.

वर्षाला 199 रुपये मागतात. जाहिराती बघेन, पण जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी दाखवेपर्यंत पैसे देणार नाही. एकाचे तीन तारे केलेत. लेक 11 तारखेला परत जातेय. कॅलेंडरवर त्या चौकटीत पेन्सिलीनं "सव्वादहा तास" लिहून ठेवलंय.